पाचर धरणारी

वखारवालीला एका गोष्टीची जेवढी चीड होती तेवढी दुसऱ्या कशाची नव्हती. फोन तिने लावायचा, आणि पलीकडच्याने म्हणायचं, "घरात कुणी आहे का? त्यांच्याकडे द्या जरा."

"मी घरातच आहे," ती म्हणायची. "का, आवाज भिंतीतून येतोय का?"

त्या आठवड्यात असं तीनदा झालं. ट्रॅक्टरला जोडून लाकूड फोडायच्या मशीनची चौकशी करायला तिने तीन शोरूमना फोन केले आणि तिघांनाही "साहेब"च हवे होते. तिसऱ्या शोरूमवाल्याने तर कमाल केली. "मावशी, ते हायड्रॉलिकचं असतं, तुम्हाला नाही समजायचं," असं गोड आवाजात सांगून वर "काळजी नका करू" म्हणाला. काळजी! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण मशीन त्याच्याकडेच होतं, आणि मशीन तर हवंच होतं.

वखार गावाबाहेरच्या रस्त्याला, पत्र्याच्या कुंपणात. आत ओंडक्यांच्या थप्प्या, दाराशी वजनकाटा, काट्याला लागून तिची खुर्ची. दोन बेकऱ्या, तीन हॉटेलांच्या भट्ट्या आणि थंडीत शेकोटीला लाकूड नेणारी घरं, एवढं गिऱ्हाईक. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन ती इथे आली, त्याला तीस वर्षं झाली. सासरे गेल्यावर वखार तिने आणि नवऱ्यानेच सांभाळली. बोलायचं काम तिचं, फोडायचं काम नवऱ्याचं, असं लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नवरा दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर तिला वाटायचं याला ताप आलाय.

सात वर्षांपूर्वी छोटा ट्रॅक्टर घेतला, बावीस हॉर्सपॉवरचा. नवऱ्याला क्लचची भीती आणि दिराला सवड नाही, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी तीच शिकली. पहिल्याच आठवड्यात स्वतःचं फाटक पाडलं आणि स्वतःच उभं केलं. आता ती ट्रॉली उलटी मागे घ्यायची तेव्हा बेकरीवाला दारात उभा राहून बघायचा. असं असून हायड्रॉलिक म्हणे समजायचं नाही!

मशीन हवं होतं ते नवऱ्याच्या खांद्यासाठी. आधी उजवा खांदा रात्रीचा दुखायचा, मग दिवसाचाही दुखू लागला. डॉक्टरने फोटो बघितला आणि सरळ सांगितलं, "आणखी एक हंगाम घण उचललात तर केस विंचरायलाही हात वर जाणार नाही."

"केस तरी किती राहिलेत," नवरा म्हणाला.

डॉक्टर हसला. ती हसली नाही. हात गेला तर वखार गेलीच, पण वखारीचं सोडा, छप्पन्नाव्या वर्षी या माणसाने सदऱ्यात हात घालायला बायकोची वाट बघत उभं राहायचं? दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच तिने ठरवलं की यापुढे घण उचलायचा नाही.

मशीन घ्यायचं ठरलं आणि दीर उगवले. दिरांचं बाजारात टायरचं दुकान. वखारीत त्यांनी आयुष्यात एक काटकी मोडली नव्हती, पण रविवारी येऊन तिच्याच खुर्चीत बसून सल्ला द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकायला कुणी त्यांच्याकडून शिकावं.

"वहिनी, घ्यायचं तर तीस टनी घ्या," ते म्हणाले. "आपला खप रोजचा दोन टन. तीस टनी मशीन म्हणजे पंधरा दिवसांचं काम एका दिवसात! उरलेले चौदा दिवस भाड्याने देऊ."

आणि खरं सांगायचं तर दोन दिवस तिलाही ते पटलं होतं. वखारीत टन म्हणजे टन. काट्यावर चढवायचं, आकडा वाचायचा, पावती फाडायची. टनाचा दुसरा काही अर्थ असेल हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. दिरांनी तर बेकरीवाल्याला सांगूनही टाकलं होतं की आता हवं तेवढं लाकूड मागा, रोज तीस टन फुटणार आहे.

ट्रॅक्टरचा मिस्त्री हे ऐकून पाना हातात धरून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

"ताई, तो टन लाकडाचा नाही हो, जोराचा! दट्ट्या किती जोराने ढकलेल त्याचा आकडा आहे तो. आणि जोर मशीनचा स्वतःचा नसतो. मशीनमध्ये असतं काय? एक मोठी नळी, तिच्यात दट्ट्या आणि पुढे पाचर. ढकलायचं काम तुमच्या ट्रॅक्टरच्या पंपाचं."

"म्हणजे तीस टन लिहिलंय ते खोटं?"

"खोटं नाही, पण मोठ्या ट्रॅक्टरवरचं खरं आहे. तुमचा पंप मिनिटाला वीस लिटर तेल ढकलतो. तीस टनी नळी भरायला त्याला अर्धा मिनिट लागेल. मोठ्या हंड्याला बारीक नळ लावल्यासारखं. दट्ट्या पुढे जायला अर्धा मिनिट, मागे यायला आणखी तेवढंच. तोवर तुम्ही चहा करून आणाल. शोरूममध्ये टन विचारू नका. तेल विचारा, मिनिटाला किती लिटर लागतं ते."

तिने ते वाक्य पाठ केलं. मिनिटाला किती लिटर.

शोरूममध्ये गेल्या गेल्या पहिली खुर्ची दिरांना मिळाली, दुसरी नवऱ्याला. शोरूमवाला तिशीतला, शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं तुपात घोळलेलं. माहितीचा कागद त्याने दिरांच्या हातात दिला. कोपऱ्यातलं स्टूल तिने स्वतः ओढून घेतलं, पाय फरशीवर मुद्दाम कर्रकर्र वाजवत.

"मिनिटाला तेल किती लागतं?" तिने विचारलं.

शोरूमवाल्याने उत्तर दिरांना दिलं. "साहेब, तेलाची चिंताच सोडा. एकदा भरलं की वर्षभर बघायला नको."

"मी भरायचं विचारत नाहीये. मिनिटाला किती लिटर लागतं?"

"मावशींना हिशेबाची फार आवड दिसते," तो दिरांकडे बघून म्हणाला, आणि दीर हसले! घरचा माणूस, तिच्या हातचं रविवारचं जेवण जेवणारा, तिथे त्या इस्त्रीवाल्याच्या बाजूने हसला. तिने मनात त्याच क्षणी त्यांचा पुढचा रविवार रद्द केला.

मग मागच्या अंगणात प्रात्यक्षिक झालं. तीस टनी मशीन लालभडक, एका दांडग्या ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं. आडव्या लोखंडी तुळईवर ओंडका ठेवायचा आणि दांडे दाबले की दट्ट्या त्याला पाचरीवर ढकलणार. शोरूमच्या माणसाने निलगिरीचे सरळ, वाळलेले, हातभर लांबीचे तुकडे मांडून ठेवले होते. एकेक ठेवला आणि फाटकन फुटला. दीर टाळ्या वाजवायचेच बाकी होते.

"असं लाकूड तर मी पायाने फोडीन," ती म्हणाली.

"मावशी!"

"आमच्याकडे सरळ लाकूड येत नाही. सरळ लाकूड सुतार घेऊन जातात. आमच्या वाट्याला येतात बुंधे आणि गाठी. आणि ट्रॅक्टर हा नाही आमचा. उद्या माझा ट्रॅक्टर आणते आणि माझा ओंडका आणते. त्याच्यावर दाखवा."

शोरूमवाल्याने दिरांकडे पाहिलं, दिरांनी नवऱ्याकडे. नवरा आभाळाकडे बघत होता, पण त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता निघाले. अठरा किलोमीटर, ट्रॅक्टरचा वेग बैलगाडीपेक्षा जरा जास्त एवढाच. ती चालवत होती, नवरा मागे ट्रॉलीत. त्याच्या पायाशी तो बुंधा, तीन फांद्या जिथे फुटतात तिथला, आत धागे वेणीसारखे एकमेकांत गुंतलेले. दोन वर्षं वखारीच्या कोपऱ्यात पडून होता. घण थकले, तो थकला नव्हता. दीर मोटारसायकलवरून पुढे जाऊन शोरूममध्ये चहा पीत बसले होते.

लालभडक मशीन तिच्या ट्रॅक्टरला जोडलं. उचललं, तशी पुढची चाकं जमिनीवर नुसती टेकल्यासारखी झाली. तिने स्टिअरिंग फिरवून पाहिलं, ट्रॅक्टर वळायलाच तयार नाही.

"पुढे वजन लावून घ्यायचं," शोरूमवाला म्हणाला. "ते वेगळं मिळतं."

बुंधा वर चढवायला तिघं लागली, नवऱ्याने डावाच हात लावला. ती ट्रॅक्टरवर बसून इंजिनाचा वेग धरून राहिली. शोरूमवाल्याने दांडे दाबले आणि दट्ट्या निघाला. निघाला म्हणजे काय, वरातीतल्या म्हाताऱ्यासारखा निघाला. मिस्त्रीचा शब्द खरा ठरत होता. तिने घड्याळ बघितलं. एकतीस, बत्तीस, तेहतीस सेकंद झाले तेव्हा लाकूड पाचरीला टेकलं, इंजिन घुसमटलं आणि बुंधा फुटायच्या ऐवजी तुळईवर कलंडला.

आता या मशीनला दोन दांडे होते, दोन हातांनी दोन्ही दाबले तरच दट्ट्या चालणार. शोरूमवाल्याने खिशातून तार काढली. खिशात तयारच होती ती! एक दांडा त्याने तारेने खाली बांधून टाकला.

"हे कंपनीवाले उगाच किचकट करून ठेवतात," तो म्हणाला. "सगळेच बांधतात. एक हात मोकळा होतो. काका, तुम्ही जरा ओंडका धरा, मी दाबतो."

आणि नवऱ्याने धरला.

त्याला वेडा म्हणू नका. त्या घरात तीस वर्षं काम असंच चालत आलं होतं. गाठीचं लाकूड पाचर बाहेर फेकतं, म्हणून पहिले तीन-चार घाव ती रुतेपर्यंत कुणीतरी हाताने धरायची असते. एकाने धरायचं, दुसऱ्याने मारायचं. आयुष्यभर मारणाऱ्या माणसाला कुणी म्हणालं धर, तर त्याला वाटलं आज आपली पाळी. घण मारणारा माणूस समोरच्याच्या बोटांकडे बघून मारतो, हे त्याला ठाऊक होतं. शोरूमवाला बघत होता दिरांकडे. आणि तोंडाने सांगत होता की हप्त्याने घेतलं तरी चालेल.

तिने मागे वळून पाहिलं. दट्ट्या सरकत होता. बुंधा पुन्हा कलत होता, आणि नवऱ्याचा डावा पंजा, तोच एक चांगला उरलेला हात, बुंधा आणि पाचर यांच्या मध्ये होता.

ती ओरडली की नाही हे तिला नंतर आठवलं नाही. इंजिन बंद करायची कळ मात्र तिने अशी ओढली की मूठ हातात आली. ट्रॅक्टर एक आचका देऊन थांबला. दट्ट्याही थांबला. नवऱ्याने हात बाहेर काढला. सगळी बोटं होती, फक्त अंगठ्याच्या नखाशी साल निघाली होती.

"काही झालं का काका?" शोरूमवाला म्हणाला. "नाही ना? बघा, काही झालेलं नाही."

मग मात्र तिचं तोंड सुटलं, आणि ते सुटायलाच हवं होतं.

"काही झालं नाही? व्हायची वाट बघत होतास? तार खिशात घेऊन फिरतोस! तो दुसरा दांडा कशाला दिलाय माहीत आहे का तुला? दाबणाऱ्याचे दोन्ही हात त्याच्यावर राहावेत म्हणून दिलाय! मला हायड्रॉलिक समजत नाही ना? मला एवढं समजतं की ज्याचा हात मध्ये आहे, त्याच्याच हातात दांडा पाहिजे. हे तुला कुणी शिकवलं नाही? का तुझ्या हातांना इस्त्री केलेली आहे म्हणून दुसऱ्यांच्या हातांची किंमत नाही? मी काल तेल विचारलं तर हसलास. आज तेहतीस सेकंद लागले ते मी मोजलेत. तूही मोज. आणि भावजी, तुम्ही!"

"वहिनी, शांत व्हा, लोक बघतायत."

"बघू देत! काल तुम्ही पण बघून हसलात. आज हसा की!"

दिरांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. अंगणातल्या मेकॅनिक लोकांच्या पाना-हातोड्यांचा आवाज थांबला होता. शोरूमवाल्याने पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. पण नेहमीची "मावशी" तेवढी निघाली.

या सगळ्यात नवरा कुठे होता? तो पलीकडे छपराखाली गेला होता. तिथे एक हिरवं, बारकं मशीन धूळ खात उभं होतं. उभं म्हणजे खरोखर उभं. दट्ट्या वरून खाली येणारा, जमिनीलगत एक जाड लोखंडी पाट, त्यावर ओंडका लोटत न्यायचा, उचलायचा नाही. बारा टनी. काल दिरांनी त्याबद्दल विचारलं तेव्हा शोरूमवाला "ते खेळणं आहे साहेब" म्हणाला होता. नवरा त्याच्याभोवती फिरला. दोन्ही दांडे हलवून पाहिले. ते कमरेच्या उंचीवर होते, खांदा वर करायची गरजच नव्हती.

"हे जोडा," तो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.

जोडलं. ट्रॅक्टरची पुढची चाकं जागेवर राहिली. तिने मूठ नसलेल्या दांडीनेच कळ आत ढकलून इंजिन सुरू केलं आणि इंजिनाचा वेग हाताच्या दांडीने पक्का करून खाली उतरली. नवऱ्याने बुंधा पायाने लोटत पाटावर आणला. मधोमध नाही ठेवला. कडेला ठेवला, जिथून चार बोटं जाडीची ढलपी निघेल असा. गाठीच्या छाताडात घुसायला तीस टन लागतात, कडेकडेने सोलत गेलं तर बारा पुरतात. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

त्याने दोन्ही दांड्यांवर हात ठेवले.

बुंधा जरा हलत होता, खालून ओबडधोबड होता ना. तेव्हा ती पुढे झाली, खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तो धरला.

आत्ताच ज्या गोष्टीसाठी सगळं शोरूम डोक्यावर घेतलं होतं, तीच गोष्ट तिने केली, आणि केली हे तिला कळलंही नाही. तीस वर्षं त्याने मारायला हात उचलला की तिने धरायला हात पुढे केला होता. ती वाट बघत राहिली. दट्ट्या काही खाली येईना.

"दाबा की," ती म्हणाली. "काय झालं?"

"तू हो मागे."

"आणि धरणार कोण?"

"कुणी नाही. म्हणून तर हे घ्यायचंय."

ती तशीच बसून राहिली. तो दांड्यांवर हात ठेवून उभा होता, आणि मग बोलला. शोरूमवाल्यासमोर, भावासमोर, मेकॅनिक लोकांसमोर, जो माणूस घरातही कधी इतकं बोलला नव्हता तो बोलला.

"डॉक्टर म्हणतो घाव घालून खांदा गेला. घाव घालून नाही गेला. आवरून गेला. घण खाली येताना तुझी बोटं दिसायची. प्रत्येक घावाला अर्धा जोर मी हवेतच मागे ओढायचो. तीस वर्षं."

"मग बोलला का नाहीत?" तिचा आवाज चिरकला. "तीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलात आणि आता सांगताय?"

"बोललो होतो एकदा. म्हटलं होतं चिमट्याने धर. तू म्हणालीस वेळ जातो."

तिला आठवलं. म्हणाली होती. हसून म्हणाली होती, आणि पुढे म्हणाली होती, माझा हात दगडासारखा स्थिर आहे, तुम्ही खुशाल मारा. बेकरीवाल्यालाही ती दहाही बोटं पसरून हेच सांगायची, तीस वर्षं पाचर धरते, एका नखाला धक्का नाही, हात स्थिर पाहिजे माणसाचा.

तिला संताप आला होता आणि त्याला बाहेर पडायला माणूस मिळत नव्हता. शोरूमवाला नाही, दीर नाहीत, आणि दांड्यांवर दोन्ही हात ठेवून तिच्या उठण्याची वाट बघणारा हा माणूस तर नाहीच. तिने बुंध्यावरचे हात सोडले. उठली, चार पावलं मागे गेली, आणि हात कुठे ठेवायचे ते न कळून पदरात गुंडाळून उभी राहिली.

"दाबा," ती म्हणाली. "पूर्ण जोराने दाबा."